गप्प म्हणजे थांब

माझ्या वहिनीला कायमचं जमिनीवर आणायचं कंपनीने ठरवलं, आणि ते जाहीर करायला दिवस निवडला तिच्या सत्काराचा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट पोटात ठेवता येत नाही. आमच्या घरातलं न बोलणं सगळं दादाने घेतलं, बोलणं तेवढं माझ्या वाट्याला आलं.

वहिनी क्रेन चालवते. रस्त्यावरून फिरते ती नव्हे. इमारत बांधताना शेजारी मनोऱ्यासारखी उभी असते ती, जिला वर एक लांबलचक आडवा हात असतो आणि त्या हाताच्या मुळाशी काचेची एवढीशी खोली. त्या खोलीत वहिनी बसते. सिमेंटच्या बादल्या, सळयांचे भारे, पाण्याच्या टाक्या, सगळं तिच्या दोन हातांतल्या दोन दांड्यांवर वरखाली होतं. साइटवरचे लोक तिला 'वरची' म्हणतात. सळया कधी येणार, वरचीला विचार. आज काम होईल का, वरचीची मर्जी. नवा मजूर आला की पहिला दिवसभर त्याला वाटतं, ही माणसं भलतीच देवभोळी आहेत.

माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, खाली उभा असतो. इमारत मधे आली की वहिनीला हुक दिसत नाही, माल कुठे टेकतोय ते कळत नाही. मग दादा वॉकीटॉकीवर तिला सांगतो. त्यांचे शब्द ठरलेले आहेत: उचल, ये, डावीकडे, उजवीकडे, हळू, बस. याच्याबाहेरचा शब्द चालत नाही. आणि 'ये' एकदा म्हणून भागत नाही. माल खाली उतरत असेपर्यंत दादाने 'ये, ये, ये' म्हणत राहायचं. तो बोलतोय तोवर तिचा हात चालतो, तो गप्प झाला की हात थांबतो. मग त्याला शिंक आलेली असो, यंत्राची बॅटरी गेलेली असो, की कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला असो. गप्प म्हणजे थांब. हा नियम साइटवरच्या प्रत्येकाला आल्या आल्या सांगतात, कारण कधी ना कधी प्रत्येकाच्या डोक्यावरून तिचा माल जातो.

गंमत अशी की दादा जन्माचा घुमा. जेवताना मीठ हवं असेल तर नुसता बरणीकडे बघतो. साइटवर त्याला 'मुका' म्हणतात, आणि हाच माणूस दिवसभर बायकोशी न थांबता बोलण्याचा पगार घेतो. घरी वहिनी त्याला अहो म्हणते, वॉकीटॉकीवर तू. का गं असं, म्हणून मी एकदा विचारलं.

"वन्सं, अहो ऐकलंत का म्हणेपर्यंत टाकी भिंतीवर आपटेल," ती म्हणाली.

मी तिथेच हेल्मेटं आणि उंचीवर बांधायच्या पट्ट्यांची खोली सांभाळते. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा भावाच्या घरी परत आले. आता भावजय तोंड वाकडं करणार, असं सगळे धरूनच चालले होते. तिने माझी पिशवी आत ठेवली आणि आठवड्याच्या आत ही नोकरी लावून दिली. नणंद म्हणून जेवढं भांडायचं तेवढं मी तेव्हापासून तिच्या वतीने जगाशी भांडते.

ती वर कशी गेली तेही ऐका. आधी ती याच कंपनीत घमेली उचलायची. तेव्हाच्या क्रेनवर एक म्हातारा उस्ताद होता. तो एकदा चढला की संध्याकाळीच उतरायचा. त्याचा डबा वर पोचवायला एकही बाप्या धजत नसे. शिडीच्या निम्म्यात गेलं की सगळ्यांना खालची कामं आठवायची. वहिनी जायची. डबा पोचवता पोचवता ती दांड्यांकडे बघायला लागली, मग उस्ताद जेवत असताना दांड्या धरायला लागली, आणि उस्ताद थकला तेव्हा त्यानेच तिला परीक्षेला बसवलं. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाने शिडीपाशी उभं राहून विचारलं, ऑपरेटर कुठे आहे? वहिनी म्हणाली, तुमच्यासमोर. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण त्याला बोलवा.

लोक चिडवतात, उंटावरून शेळ्या हाकते म्हणून. हाकते की. तुम्ही एकदा उंटावर चढून दाखवा, मग बोलू. वर बाप्या बसला तर त्याला एक रिकामी बाटली पुरते. वहिनीला नाही पुरत. म्हणून ती सकाळी अर्धाच चहा घेते, पाणी घोटघोट पिते आणि दुपारी सगळी शिडी उतरून पुन्हा चढते. उन्हात ती काचेची खोली तापते, वाऱ्यात डोलते. तरी रविवारी घरी बसली की तिचे हात मांडीवर उगाच दांड्या शोधत असतात. तिला तिथे वर आवडतं. एवढी साधी गोष्ट आहे, पण लोकांना पटायला फार जड जाते.

शेजारच्या जागेवर यंदा नवी क्रेन उभी राहणार होती, आताच्या क्रेनहून कितीतरी उंच. तिचे तुकडे ट्रकांतून यायला लागले तेव्हा वहिनी जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यांना हात लावून यायची. कधी कुणाकडे काही मागितलं नाही त्या बाईने, ही क्रेन मात्र तिला हवी होती. मला तिने सांगितलं नाही. मला दिसत होतं.

आणि मग आग लागली. भर दुपारची वेळ. वरच्या एका मजल्यावर भिंतींना लावायचे फोमचे तक्ते रचून ठेवले होते आणि त्यांच्याच शेजारी वेल्डरला काम दिलं होतं. असं कुणी करतं का, हे मी त्या दिवशी ओरडून विचारलं आणि आजही विचारते. तक्त्यांनी पेट घेतला, जिना काळ्या धुराने भरला. बाकीचे खाली पळाले, पण तो वेल्डर, दोन प्लंबर आणि एक रंगारी मागच्या गॅलरीत अडकले. आगीचा बंब आला, पण मागच्या बाजूला पायासाठी खणलेला भलामोठा खड्डा. शिडी लावायला जागाच नाही.

भोंगा वाजला की ऑपरेटरने क्रेन सोडून खाली यायचं असतं. मी वॉकीटॉकीवर म्हणाले, "वहिनी, उतर."

वरून उत्तर आलं, "पाळणा लावा."

पाळणा म्हणजे लोखंडी जाळीचा पिंजरा. माणसं वर न्यायची असली की तो हुकाला अडकवतात. दादाने कुणाला न विचारता तो अडकवला, साखळ्या ओढून पाहिल्या आणि माझ्यासमोरून पळत सुटला. शेजारच्या अर्धवट इमारतीच्या गच्चीवरून मागची गॅलरी दिसते, हे त्याच्या डोक्यात आलं होतं. मी त्याच्याकडे कमरेचा पट्टा फेकला, बांध म्हणाले. त्याने तो झेलला आणि खांद्यावर टाकून तसाच जिना चढला.

पाळणा उचलला गेला. क्रेनचा हात वळला, हुक इमारतीच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला. वहिनीसमोर फक्त धूर. आता सगळा खेळ दादाच्या घशावर. "ये. ये. ये. उजवीकडे. हळू. बस. ये. ये." माझ्या हातातल्या यंत्रातून तो आवाज येत होता. खरं सांगते, त्या आवाजाइतकं सुंदर मी काही ऐकलेलं नाही.

आणि मधेच तो आवाज बंद झाला.

खाली एकदम सगळेच बोलायला लागले. इंजिनियर साहेबांनी त्यांचं यंत्र तोंडाशी धरलं. "अगं, थांबलीस काय? सोड खाली. माणसं जळतील."

"मधे बोलू नका," वहिनी म्हणाली. "त्यांचा आवाज ऐकू द्या."

बस, एवढंच. पाळणा धुरात लटकलेला, वारा वाढत चाललेला, आणि ती दांड्या धरून नुसती बसलेली. माझ्या शेजारचा एक बघ्या म्हणाला, "घाबरली. बाईमाणूस शेवटी." मी त्याला हेल्मेट फेकून मारलं. लागलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग यंत्रातून खोकला ऐकू आला. कुणाच्या खोकल्याने मला एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. "उचल," दादा म्हणाला. "उचल, उचल. बस. डावीकडे, हळू. ये. ये. ये. बस." मग पुन्हा शांत, पण ही शांतता वेगळी होती. चौघं आत चढत होते. आणि मग "उचल".

नंतर कळलं ते असं. परांचीचा एक पाइप सुटून गॅलरीबाहेर आडवा आला होता, नेमका पाळण्याच्या खाली. तो दादाला दिसला आणि त्याच क्षणी धुराने त्याचा गळा धरला. इंजिनियर साहेबांचं ऐकून वहिनीने पाळणा सोडला असता तर तो पाइपावर टेकून उलटला असता, आणि त्याला धरायला वाकलेले चौघंही गेले असते.

पाळणा जमिनीला टेकला तेव्हा जी आरोळी उठली ती पार रस्त्यापर्यंत गेली. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतून दादा बाहेर आला, तोंड काळंठिक्कर, खांद्यावर तो न बांधलेला पट्टा. वर उभा राहून हातवारे करताना तो सगळ्यांना दिसला होता. लोकांनी त्याला उचलून खांद्यावरच घेतलं. तो वर बोट दाखवून "ती, ती" म्हणत होता, आणि लोकांना वाटलं, जिंकल्यासारखा हात उंचावतोय. त्याला मिरवत सगळी गर्दी फाटकाकडे गेली.

वहिनीला इतक्या लवकर उतरता येणार नव्हतं. काम संपल्यावर क्रेनच्या हाताचा ब्रेक मोकळा करायचा असतो, म्हणजे वारा येईल तसा तो फिरतो आणि क्रेनवर ताण येत नाही. ते सगळं करून ती शिडी उतरत खाली आली तेव्हा तिथे मी एकटी होते, हातात पाण्याची बाटली घेऊन. मला तिला मिठी मारायची होती. तिने बाटली बाजूला सारली.

"वन्सं, आधी बाथरूम," ती म्हणाली आणि धावली.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर दादा, लोकांच्या खांद्यावर. मथळा, 'धुराशी झुंजला वीर'. खाली लिहिलेलं, की यांनी क्रेन चालवून चौघांचे प्राण वाचवले. दादाने पेपर घडी करून खिशात घातला आणि तडक त्या पेपरच्या कचेरीत जाऊन बातमीदारासमोर उभा राहिला. "मी नाही. ती," म्हणाला. मी बरोबर होते म्हणून बाकीचं मी सांगितलं.

मग बातमीदार घरी आला. वहिनी तेव्हा पंख्याची पाती पुसत होती. त्याने विचारलं, त्या क्षणी डोळ्यांसमोर कोण आलं, मुलं? वहिनी म्हणाली, मुलं नाहीत आम्हाला. मग आईवडील? वहिनी म्हणाली, वाऱ्याचा काटा. त्याच्यावरच डोळा होता माझा, वारा एका हद्दीपलीकडे गेला की हुक हलवता येत नाही. तो फार मन लावून लिहून घेत होता, म्हणून मला जरा आशा वाटली. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'माउलीच्या काळजाची झेप'. पाळणा या शब्दावर तर पठ्ठ्याने अर्धा रकाना काढला होता.

मला याचा फार संताप येतो. बाप्याने काही धाडस केलं की तो शूर, विषय संपला. बाईने केलं की तिला आधी कुणाची तरी आई करावी लागते, नाहीतर वाघीण. ही बाई आपल्या कामात तयार होती आणि तिने डोकं ठिकाणावर ठेवलं, एवढं साधं वाक्य कुणाच्याने लिहवत नाही. शिवाय तिने जे केलं ते थांबणं होतं. सगळं जग 'सोड' म्हणून ओरडत असताना ती थांबली, म्हणून चौघं जिवंत आहेत. पण थांबलेल्या माणसाचा फोटो कुठून निघणार? दादाला मी कमी लेखत नाही. तो पट्टा न बांधता गच्चीच्या कडेला उभा होता, त्याबद्दल मी त्याला नंतर चांगली फैलावर घेतली. पण वीर म्हणून हात हलवणारा माणूसच लोकांना लागतो, हेही तितकंच खरं.

सत्कार साइटवरच्या मोठ्या शेडमध्ये झाला. सगळे मजूर, कचेरीतले लोक, पहिल्या रांगेत मी. मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः आले होते. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. त्यांनी दादाला 'आपला वीर' म्हणून मनगटी घड्याळ दिलं आणि वहिनीला 'आपली माउली' म्हणून प्रेशर कुकर. वहिनीने तिथल्या तिथे झाकण फिरवून, शिट्टी उचलून पाहिली. कुठलंही यंत्र हातात आलं की तपासायचं, ही तिची सवयच आहे.

मग साहेबांनी माइक घेतला. "या भगिनीने जे सोसलंय, त्यानंतर तिला पुन्हा त्या उंचीवर पाठवणं माझ्या मनाला पटत नाही. उद्यापासून त्या आपल्या दर्शनी कचेरीत बसतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे, आपल्याकडे कोण आहे. नव्या क्रेनसाठी आपण बाहेरून ऑपरेटर आणतोय."

टाळ्या पडल्या. माझं डोकं सणकलं. चांगली हातीपायी धडधाकट बाई, तिला शोभेच्या फुलदाणीसारखी टेबलामागे ठेवणार, आणि वर हा तिचा मान. मी वहिनीकडे पाहिलं. ती कुकर धरून उभी होती, चेहऱ्याचा रंग उतरलेला, तोंडातून शब्द नाही. क्रेन गेली होती तिच्या हातून, जुनी आणि नवी दोन्ही.

"बघा," साहेब हसून म्हणाले, "न बोलताच होकार दिला. किती साधेपणा. तर आता नव्या जागेबद्दल दोन शब्द."

वहिनीने कुकर टेबलावर ठेवला आणि दुसरा माइक उचलला.

"साहेब," ती म्हणाली, "आमच्या कामात समोरचा गप्प झाला की थांबायचं असतं. मी गप्प झालेय, आणि तुम्ही पुढेच चाललाय."

मागच्या रांगेत तो वेल्डर बसला होता, हाताला पट्टी बांधून. सगळ्यांत आधी त्याला हसू फुटलं. मग ते रांगेरांगेने पुढे आलं. साहेब गोंधळून दादाकडे वळले. "तुम्ही तरी समजवा यांना."

दादा उठला. घड्याळ काढून खिशात टाकलं. साहेबांच्या हातातला माइक घेतला, तोंडाशी धरला आणि साहेबांकडे बघत राहिला. बोलला नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी बोलला नाही. शेडमधल्या प्रत्येक मजुराला तो नियम ठाऊक होता. हसणं थांबलं. खुर्ची सरकल्याचाही आवाज येईना. इतकी माणसं एकदम गप्प बसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

साहेब म्हणाले, "अहो, पण उद्या काही झालं तर घरचे काय म्हणतील?"

आता मला कुठलं राहवतंय. मी उठले. "घरची मी. सख्खी नणंद. या घरात सुनेच्या नोकरीवर हरकत घ्यायचा मान असेल तर तो माझा, आणि माझी हरकत नाही. कुकर मात्र राहू द्या, आमच्या जुन्याची रिंग गेलीय."

शेड हसण्याने दणाणून गेलं. साहेबही हसले, मग वहिनीजवळ आले आणि माइकशिवायच विचारलं, अगदी मनापासून. "खरं सांगा, वर भीती नाही वाटत?"

"वाटते ना," वहिनी म्हणाली. "म्हणून तर थांबता येतं."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना त्या दिवशीचा पाइप कुणीतरी सांगितला असणार, कारण त्यांनी पुन्हा समजवायचा प्रयत्न केला नाही. "मग बाहेरून कुणाला बोलवायचं नाही म्हणता?"

"नाही. आणि नव्या क्रेनला निम्म्यावर एक बाथरूम करा," वहिनी म्हणाली. "कुकरपेक्षा महाग पडेल, पण माझ्या जास्त उपयोगाचं आहे."

ते झालं. सगळं झालं, बाथरूमसकट. नव्या क्रेनच्या पहिल्या दिवशी मी माझ्या खोलीच्या दारात वॉकीटॉकी कानाशी धरून उभी होते आणि मान मोडेपर्यंत वर बघत होते. काचेची खोली पार ढगाला लागलेली, आत वहिनी ठिपक्याएवढी, मी शिवून दिलेली नवी गादी तिच्या खुर्चीवर. पाण्याची मोठी टाकी इमारतीच्या मागे उतरायची होती. दादा मागच्या बाजूला उभा होता.

"ये," त्याचा आवाज आला. "ये. ये. हळू. ये. ये. छान. ये."

'छान'वर टाकी जागच्या जागी थांबली. अख्ख्या साइटने यंत्रावर ते ऐकलं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, घरात त्याच्या तोंडून तिने हा शब्द ऐकला असेल असं मला तरी वाटत नाही.

"हा कुठला शब्द?" वरून विचारणा झाली.

दादा खाकरला. मग म्हणाला, "चुकून आला."

"मग कामाचं बोल."

"ये," दादा म्हणाला, आणि टाकी पुन्हा खाली यायला लागली.